नमुन्याशी इमान

प्लास्टिकच्या लहानशा मोटारीचे छप्पर कापून खाली बसवावे की नाही, या प्रश्नाला नैतिक प्रश्न म्हटले तर पुष्कळांना हसू येईल. खेळणे ते खेळणे. ज्याने विकत घेतले त्याने त्याचे वाटेल ते करावे. कोणाचे काही लुबाडले जात नाही, कोणाला इजा होत नाही. मग नीती-अनीतीचा संबंध येतोच कुठे? आम्हांला मात्र असे वाटते की, दुसऱ्या कोणाचेही नुकसान होत नाही अशाच ठिकाणी माणसाच्या वागण्याची कसोटी लागते. तिथे कायद्याचा धाक नसतो, शेजाऱ्याची तक्रार नसते, नफ्याचा लोभही फारसा नसतो. हातातला नमुना, हत्यार आणि आपले मन एवढेच तिथे असते. म्हणून या क्षुल्लक वाटणाऱ्या उद्योगाकडे जरा निरखून पाहावे, असे आम्ही योजले आहे.

आधी हा उद्योग कसा असतो ते सांगायला हवे. मोटारींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतींचे सुटे भाग पेटीत भरून विकले जातात. पॉलिस्टायरीन नावाचे कडक प्लास्टिक वितळवून, साच्यात दाबून हे भाग बनवतात आणि एका चौकटीला चिकटलेल्या स्थितीतच ते गिऱ्हाइकाच्या हाती येतात. ते सोडवून, घासून, चिकटवून, रंगवून मोटार उभी करायची. सर्वांत रूढ प्रमाण चोविसाव्या किंवा पंचविसाव्या हिश्श्याचे. चोविसावा हिस्सा म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. या मापाने चार मीटर लांबीची मोटार सुमारे साडेसोळा सेंटिमीटरची होते आणि साडेपाच फुटी माणूस सात सेंटिमीटरचा. आमच्या कटंगीसारख्या तालुक्याच्या गावी असे संच बहुधा बाहेरून मागवावे लागतात. पण ज्या घरात एखादा संच पोचतो, तिथे दोन तट पडायला वेळ लागत नाही. एका तटाला वाटते की, मोटार पेटीवरच्या चित्राबरहुकूम व्हावी. दुसऱ्याला वाटते की, छप्पर उतरवावे, चाकांवरच्या कमानी फुगवाव्यात, दारांच्या मुठी घासून नाहीशा कराव्यात आणि जगात दुसरीकडे कुठेच नसेल अशी मोटार घडवावी. हा वाद केवळ आवडीनिवडीचा नाही. एखाद्या वस्तूचे रूप आपल्याकडे सोपवले गेले असता आपण त्याचे विश्वस्त असतो की मालक, असा त्याचा गाभा आहे.

पहिल्या तटाची बाजू बळकट आहे, आणि ती आधी मांडणे न्याय्य होईल. प्रतिकृती ही एक साक्ष असते. मूळ वस्तू नाहीशी झाली तरी तिचे माप, तिची ठेवण, तिचा तोल प्रतिकृतीत शिल्लक राहतो. मुंबईची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. अँबेसडरचे उत्पादन त्याआधीच, २०१४ मध्ये थांबले होते. दोन्ही गाड्यांची घराणी परकी. एक इटलीच्या फियाटची, दुसरी इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची. पण आपल्या रस्त्यांवर त्या इतकी वर्षे राबल्या की, त्यांचे परकेपण उरले नाही. ज्या मुलाने पद्मिनी कधी पाहिली नाही, त्याला तिच्या बॉनेटचा उतार आणि पाठीमागच्या लहानशा कल्ल्यांची उठावण दाखवायला छायाचित्र पुरेसे पडत नाही, कारण छायाचित्राला मागची बाजू नसते. नमुना हातात घेऊन फिरवता येतो. अशा नमुन्याचे छप्पर चार मिलिमीटर उतरवणारा माणूस साक्षीदारालाच फितवतो, असे पहिला तट म्हणेल. आणि ते म्हणणे धुडकावून लावण्यासारखे नाही.

तरीही इतिहास दुसऱ्या तटाच्या बाजूनेही बोलतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात मोटारींचे पत्रे कापून, छपरे उतरवून, सांधे शिशाने भरून त्यांना नवे रूप देण्याच्या नादाने जोर धरला. सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांच्या कारखान्यात १९५२ मध्ये बॉब हिरोहाटा या तरुणाची १९५१ची मर्क्युरी गाडी अशीच बदलली गेली. ती गाडी पुढे अमेरिकेतल्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत समाविष्ट झाली. यातली गंमत पाहण्यासारखी आहे. जी मूळ रूपाचा भंग करून घडली, तीच आज अस्सल म्हणून जपली जाते, आणि तिच्यावर कोणी पुन्हा करवत चालवू म्हणेल तर लोक त्याला वेड्यात काढतील. अस्सल आणि बदललेले यांच्यातली रेषा काळ अशी सरकवत नेतो. या नादाची छाया लवकरच लहान मोटारींवरही पडली. मिशिगनमधल्या एएमटी या कंपनीने १९५८ पासून असे संच काढले की, एकाच पेटीतल्या भागांतून मोटार तीन प्रकारे जुळवता यावी: कारखान्यातून निघाली तशी, हौशी मालकाने नटवलेली, किंवा शर्यतीसाठी सज्ज केलेली. म्हणजे बदलाची मुभा नमुना करणाऱ्यानेच पेटीत घालून दिली होती. तिला नमुन्याचा अपमान म्हणणे कठीण आहे.

याहून बोलके उदाहरण त्याआधीचे आहे. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या शाखेने १९३० मध्ये मुलांसाठी कारागिरीची एक स्पर्धा सुरू केली. नेपोलियनच्या काळातल्या शाही बग्गीची प्रतिकृती दिलेल्या आराखड्याप्रमाणे करायची. लाकूडकाम, धातुकाम, रंगकाम, गाद्यांचे शिवणकाम, सारे मुलाने स्वतः करायचे. उत्तम काम करणाऱ्यांना शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळत. १९३७ पासून या बग्गीच्या जोडीला दुसरा विभाग आला: मुलाने स्वतः कल्पिलेल्या मोटारीचा नमुना. युद्धानंतर बग्गी मागे पडली आणि कल्पित मोटारींची स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. एकाच संस्थेने आधी आज्ञापालन मागितले आणि मग कल्पना मागितली, हा क्रम आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. आराखडा पाळणे सोपे नसते, पण तिथे चूक कोणती हे आराखडाच सांगतो. स्वतःच्या कल्पनेत चूक कोणती हे सांगणारा बाहेर कोणी नसतो. तो परीक्षक आपल्याच आत उभा करावा लागतो, आणि ज्याने कधी दुसऱ्याचा आराखडा निष्ठेने पाळलेला नाही त्याला तो उभा करता येणे अवघड आहे.

आता प्रत्यक्ष काप कसा पडतो ते पाहू, कारण या विषयातली नीती कामाच्या तपशिलातच दडलेली आहे. खऱ्या मोटारीचे छप्पर चार इंच उतरवायचे म्हणजे नमुन्यात चार मिलिमीटरांहून किंचित अधिक. छपराला आधार देणारे खांब बारीक करवतीने कापले, मधला तुकडा काढला आणि छप्पर खाली ठेवले की पहिला धक्का बसतो: खांब जुळत नाहीत. पुढचे खांब मागे कललेले असतात, मागचे पुढे. वर जावे तसे ते एकमेकांजवळ येतात. मधला तुकडा गेला की वरची टोके खालच्या टोकांच्या आत पडतात. मग छप्पर मधोमध आडवे कापून लांब करावे लागते, किंवा खांब अधिक निजवावे लागतात. तेवढ्यात लक्षात येते की, पेटीतली पारदर्शक काच आता बसत नाही. ती पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ ताव्यातून नव्याने कापावी लागते. आतली आसने छपराला भिडतात म्हणून ती खाली घ्यावी लागतात. आसने खाली गेली की स्टिअरिंगचे चाक विनाकारण उंच दिसू लागते. सांध्यांत लांबी भरायची आणि ती पुरती वाळू द्यायची, कारण घाई केली तर ती मागाहून आकसते आणि रंगाखाली खळगा पडतो. त्यानंतर पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासत बसायचे. शेवटी प्रायमरचा करडा थर. तो बसला की बोटांना न जाणवलेले ओरखडे डोळ्यांना दिसू लागतात आणि काम दोन पावले मागे जाते. नमुन्यातली एक मिलिमीटरची तफावत म्हणजे खऱ्या मोटारीतली चोवीस मिलिमीटरची, हेही विसरून चालत नाही.

या साऱ्या खटाटोपातून एक गोष्ट स्पष्ट होते. पहिला काप घेण्याचे स्वातंत्र्य आपले असते. त्यानंतरचे काप हे त्या पहिल्या कापाचे देणे असते. ते न फेडता उठून गेले की टेबलावर अर्धवट चिरलेली, न धड मूळ, न धड नवी अशी मोटार उरते. स्वातंत्र्याविषयी आपण पुष्कळदा असे बोलतो की, जणू ते एका क्षणाच्या निर्णयात संपते. करवत वेगळे सांगते. निर्णयाला मिनिट लागते, निभावायला महिना. कापलेले प्लास्टिक पुन्हा सांधता येते हे खरे, पण सांधा कायम राहतो. ज्याला तो कुठे आहे हे ठाऊक असते त्याचे बोट रंगाच्या थरावरूनही तिथेच थबकते.

येथे कोणी म्हणेल की, खऱ्या मोटारीच्या बाबतीत हे ठीक, नमुन्याचे एवढे काय? हा भेद खरोखरच महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ने मालकाच्या हातांना मर्यादा घातली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येणार नाही. त्यामागचे कारण उघड आहे. तिरोडीच्या मँगनीज खाणीकडे जाणाऱ्या ट्रकचा सांगाडा कोणी मनाला येईल तसा वाढवला, तर त्याची किंमत समोरून येणाऱ्या सायकलस्वाराला मोजावी लागेल. लहान मोटारीखाली कोणी सापडत नाही. म्हणून कायदा तिच्याकडे पाहत नाही, आणि ते योग्यच आहे. पण नमुन्यातही एक माणूस असतो. तो सात सेंटिमीटर उंच आहे आणि दिसत नाही. छप्पर उतरवल्यावर त्याचे डोके मावते का? दार उघडले तर तो आत शिरू शकेल का? फुगवलेल्या कमानीखाली चाक वळेल का? असे प्रश्न स्वतःला विचारणारा कारागीर त्या कल्पित माणसाची काळजी वाहत असतो, आणि नमुना जिवंत वाटतो तो त्या काळजीमुळे. एड रॉथसारख्या कलावंताने राक्षसी उंदराच्या आणि अशक्य मोटारींच्या आकृती घडवल्या, तेव्हा त्याने हा माणूस उघडपणे बाजूला ठेवला होता. ते व्यंगचित्र होते आणि पाहणाऱ्याला ते पहिल्या नजरेत कळत होते. खटकते ते तिसरे: खऱ्याचा आव आणायचा आणि आत माणूस मावतो की नाही याची पर्वा करायची नाही.

आव आणण्याचा मुद्दा निघाला, म्हणून एका जुन्या संवादाची आठवण होते. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भदंत नागसेन राजा मिलिंदाला विचारतात की, आपण ज्या रथातून आलात तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? सांगाडा, जू, लगाम म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि अखेर मान्य करतो की, या अवयवांच्या आधाराने 'रथ' हे नाव चालते, एवढेच. मोटारीचा नमुना बदलणाऱ्याला हा संवाद आपल्या टेबलावरचा वाटावा. छप्पर बदलले, काचा बदलल्या, कमानी, चाके, रंग बदलले. मग ही अजून पद्मिनी आहे काय? नागसेनांच्या वाटेने गेले तर उत्तर वस्तूत सापडणार नाही. ते आपण दिलेल्या नावात सापडेल. आणि नाव देणे हे माणसाचे कृत्य असल्यामुळे खरे-खोटेपणाची जबाबदारीही तिथेच येऊन बसते. बदललेला नमुना मांडताना 'मूळ अमुक, छप्पर उतरवलेले, मागचा भाग कल्पित' एवढी चिठ्ठी शेजारी ठेवली तर कोणाचीही साक्ष फिरली नाही. तीच मोटार अस्सल नमुना म्हणून दाखवली किंवा विकली, तर प्लास्टिकचा एकही कण न हलवता असत्य घडले. पहिल्या तटाची तक्रार कापाविषयी होती. तिचे खरे स्थान चिठ्ठीत आहे, असे आम्हांला वाटते.

आमच्या भागात रूपबदलाचा एक जुना धडा दरवर्षी रस्त्यावरून चालत जातो. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशात राहिला आणि भंडारा-नागपूर सीमेपलीकडे गेले. सण मात्र सीमेवर अडले नाहीत. श्रावणी अमावास्येला बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये हा मुलांचा पोळा सुरू केला, असे सांगतात. चाकांच्या पाटावर उभा असलेला लाकडी बैल दोरीने ओढत मुले निघतात. हाही एक नमुनाच, आणि त्याला नटवणे हाच त्या दिवसाचा उद्योग. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांची माळ, बक्षीसही सजावटीलाच. कित्येक घरांत आजोबांचा बैल नातवाकडे येतो. त्याचे एखादे चाक नवे असते, एखादे शिंग पुन्हा बसवलेले असते, आणि रंगाचे किती थर चढले याची गणती नसते. तरी तो त्या घरचा तोच बैल असतो, कारण काय बदलले आणि केव्हा, हे घराला ठाऊक असते. घराची आठवण हीच तिथे चिठ्ठीचे काम करते. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सजावटीला इतकी मोकळीक असूनही त्या बैलाचा घोडा कोणी करत नाही. शेतात राबलेल्या जनावराविषयीची कृतज्ञता हे त्या खेळण्याचे प्रयोजन आहे. मुलाला रंग बदलता येतो, प्रयोजन बदलावेसे वाटत नाही. मापाशी इमान आणि प्रयोजनाशी इमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी अधिक खोल आहे.

मग कुठे थांबावे? आमच्या मते एक ठिकाण निश्चित आहे. जो नमुना एकमेव उरला आहे, ज्याचा साचा मोडला आहे आणि ज्याच्याखेरीज त्या मोटारीची दुसरी घन साक्ष हाती नाही, त्यावर करवत चालवू नये. तो आपल्या पैशांनी घेतलेला असला तरी चालवू नये. पैशांनी आपण प्लास्टिकचे मालक झालो. त्यात साठलेल्या आठवणीचे केवळ राखणदार झालो. ज्याच्या हजारो प्रती निघाल्या त्या नमुन्याला हे बंधन नाही. उलट, त्याची एक प्रत कापून पाहिल्याने मूळ रचना जितकी कळते तितकी ती कपाटात ठेवून कळत नाही. खांब का कललेले आहेत, हे छप्पर उतरवताना ज्याची फजिती झाली त्यालाच नीट समजते.

कपाटाचा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर केला. आपल्या मध्यमवर्गीय घरांत महाग खेळणे आले की ते काचेच्या शोकेसमध्ये जाते आणि मूल बाहेरून पाहत राहते. 'मोडशील' ही त्यामागची भीती. ती निराधार नाही, मुले मोडतात. पण मोडणे आणि बदलणे यांत फरक आहे, आणि तो मुलाला शोकेसच्या काचेतून कधीच शिकता येत नाही. मोडणाऱ्याला पुढचे काही दिसत नसते. बदलणाऱ्याला पुढचे दिसावे लागते. ज्या पिढीला आपण सर्व काही तयार, चकचकीत आणि स्पर्श न करण्याच्या अटीवर देतो, तिने पुढे समाजाच्या जुन्या चौकटींना हात घालताना शहाणपण दाखवावे ही अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो? रीतिरिवाज, संस्था, भाषा हेही नमुनेच आहेत. सीमेवर राहणाऱ्या आम्हां लोकांची मराठी हिंदी आणि पोवारीच्या सहवासात किती बदलली, हे आम्ही रोज ऐकतो. त्यांतले सर्व बदल वाईट नाहीत आणि सर्व चांगलेही नाहीत. कोणता बदल जाणून केला आणि कोणता नुसता होऊ दिला, एवढे तरी ओळखता आले पाहिजे.

म्हणून घरातल्या मुलाने लहान मोटार पुढे करून 'हिचे छप्पर कापू का?' असे विचारले, तर नाही म्हणण्यापूर्वी आपण त्याला दोन गोष्टी विचाराव्यात. ही मोटार मुळात कशी होती आणि तशी का होती, हे तुला सांगता येईल का? आणि पहिल्या कापानंतर जे जे करावे लागेल ते पुरे करण्याची तुझी तयारी आहे का? दोन्हींची उत्तरे प्रामाणिक असतील, तर करवत त्याच्या हाती द्यावी, शेजारी बसावे, आणि काम संपल्यावर चिठ्ठी त्याच्याच अक्षरात लिहून घ्यावी.